न संपलेली मधली सुट्टी

४ जून

तुझं खोकं मी उघडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे रागवायचं असेल तर पहिल्याच ओळीत रागावून घे आणि पुढचं नीट वाच.

माळ्यावर चिकटपट्टी लावून ठेवून गेली होतीस ते खोकं. त्यात गुंतलेल्या वायरी निघाल्या, एक मफलर निघाला आणि कागदात गुंडाळलेले तुझे ते काडेपेटीएवढे सर्किटचे बोर्ड. मफलर धुऊन घडी करून ठेवलाय. बोर्ड मात्र वापरायला घेतलेत.

कारण सांगते. आपल्या मागच्या रस्त्याला लाँड्रीच्या पुढे कर्णबधिर मुलांची शाळा आहे, तुला आठवत असेल. तिथे माझं जाणं झालं. बोलता बोलता मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमच्याकडे घंटेचाच घोळ आहे." शिपाई प्रत्येक वर्गाच्या दारात जाऊन दिव्याचं बटण दोनदा खालीवर करतो, तेव्हा मुलांना कळतं की तास संपला. आग लागली तर हीच पद्धत. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत काय होईल, याचा विचार त्या करत नाहीत म्हणाल्या. केला की जेवण जात नाही.

मी जन्मभर लिफ्टचे कंट्रोलर केले. दिवा लावणं आणि विझवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा खेळ. म्हटलं, करून देते. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक दिवा. हिरवा लागला की तास सुरू, पिवळा लागला की संपला, निळा म्हणजे मधली सुट्टी. लाल लागला की दप्तर तिथेच टाकून मैदानात.

अडलं ते कॉम्प्युटरच्या बाईंपाशी. वयाने तुझ्याएवढ्या असतील. जन्मापासून ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ वाचतात आणि उत्तर मोबाइलवर लिहून आपल्यापुढे धरतात. त्यांनी लिहिलं, "तुम्ही सी भाषेत लिहून द्याल आणि घरी जाल. बिघडलं की आम्ही पुन्हा तुमची वाट बघायची. माझ्या नववीच्या मुलींना जावास्क्रिप्ट येते. त्यांना उघडून बघता येईल असं काहीतरी करा."

मी म्हटलं, जावास्क्रिप्ट ही वेबपेजवरची बटणं नाचवायची भाषा आहे, तिने वायरींच्या वाटेला जाऊ नये. घरी येईपर्यंत तुझं आठवलं. तू एकदा जेवणाच्या टेबलावर तो बोर्ड ठेवून म्हणाली होतीस, "आई, याच्या आतच जावास्क्रिप्ट चालते." आणि मी म्हटलं होतं, "चालू दे, फक्त वायर माझ्या आमटीत येऊ देऊ नकोस."

काल केबल लावली. एक ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि दिवा लागला. मी नुसती बघत बसले. आमच्या वेळी एक ओळ बदलायची म्हणजे चिप उपटा, आतलं पुसायच्या डब्यात ठेवा, चहा पिऊन या, मग पुन्हा भरा, आणि तरीही लिफ्ट जागची हलत नसे. इथे विचारलं की लगेच उत्तर. उत्तर नसेल तर 'अनडिफाइन्ड' म्हणून मोकळा. एखादी गोष्ट अस्तित्वातच नाही, हे इतक्या शांतपणे सांगणारं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं.

दोन-तीन शंका आहेत, त्या वेगळ्या कागदावर लिहिल्यात. फोन करू नकोस, घरात हल्ली रेंज नसते. लिहूनच पाठव. तुझा पत्ता तुझ्या आईकडे जाऊन घेतला. त्यांनी कारण विचारलं, मी बोर्डांचं सांगितलं. त्यांचा काही विश्वास बसलेला दिसला नाही, पण पत्ता दिला.

उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस. बोर्ड काम झाल्यावर परत पाठवीन.

१९ जून

तुझं उत्तर नाही. बरं. तरी लिहिते, कारण जे झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही. मुलाला सांगितलं तर तो म्हणेल, या वयात हे उद्योग कशाला.

आज शाळेत पहिली चाचणी होती. कॉम्प्युटरच्या बाईंनी एक पान केलंय, त्यात वेळा भरायच्या. मधली सुट्टी दहा वाजून दहा मिनिटांनी, पंधरा मिनिटांची. मुख्याध्यापिकांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, "आजपासून घड्याळ बघायचं नाही, दिव्याचं ऐकायचं."

सुट्टीचा निळा दिवा अगदी वेळेवर लागला. मुलं मैदानात. मी फुशारकीने जिन्यात उभी. मग पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. दिवा निळाच. शिक्षक दारात उभे राहून एकदा दिव्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघतायत. कोणी आत बोलवेना, कारण दिव्याचं ऐकायचं ठरलंय. मुलांनी दुसरा डाव मांडला, तिसरा मांडला. पहिलीतली एक ठेंगणी मुलगी माझ्यापुढे येऊन हातांनी काहीतरी सांगून गेली. मी कॉम्प्युटरच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी मोबाइलवर लिहिलं, "ती म्हणते, हा दिवा शिपाईकाकांपेक्षा चांगला आहे."

शेवटी मी प्लग काढला.

घरी येऊन प्रोग्राम ओळ न ओळ वाचला. सुरुवातीची मिनिटं अधिक सुट्टीची मिनिटं, इतकं साधं गणित. बोर्डालाच विचारलं, दहा अधिक पंधरा किती? पंचवीस म्हणाला. मग पानावरून आलेले तेच दोन आकडे दिले आणि विचारलं. म्हणाला, एक हजार पंधरा.

एकाच तोंडाने दोन उत्तरं. हे तुमच्यात चालतं का?

२ जुलै

तुझी दोन वाक्यांची मेल मिळाली. "पानावरून येतं ते अक्षर असतं, आकडा नाही. बेरजेआधी त्याचा आकडा करून घ्या."

म्हणजे दहा आणि पंधरा त्याने शेजारी शेजारी चिकटवले. आमच्या लिफ्टमध्ये असं झालं असतं तर दुसऱ्या मजल्यावरून तीन मजले वर जाणारा माणूस तेविसाव्यावर पोचला असता, इमारत पाच मजल्यांची असली तरी. पण तुझ्या दोन वाक्यांनी सुट्टी संपली. मुलांनी तुला दुवा दिला नसेल. शिक्षकांनी दिला.

मेल कोरडी होती, हे माझ्या लक्षात आलं. तक्रार नाही. तू उत्तर दिलंस.

आता सगळ्या वर्गांत बोर्ड बसले; ऑफिसातला मुख्य बोर्ड त्यांना वायफायवरून रंग सांगतो, आगीचं लाल बटणही त्यालाच. तुझे पुरले नाहीत, शाळेने तसलेच आणखी आणले. सोल्डरिंग मी केलं. नववीच्या दोन मुली मदतीला होत्या. एक उंच आहे आणि शंकेखोर, दुसरी सारखी हसते. उंच मुलगी मी जोडलेली प्रत्येक तार ओढून बघते. मला अशीच माणसं आवडतात. मुलांनी मला खुणांचं नाव दिलंय: दोन बोटं कपाळावर ठेवायची. माझा चष्मा नेहमी तिथे असतो ना, म्हणून.

घरचं म्हणशील तर मुलगा दर रविवारी फोन करतो. हल्ली त्याने नवीन काढलंय, की मी विसरायला लागलेय. एक विचारलं की दुसरंच सांगते म्हणे. त्याच्याकडे एक खोली माझ्यासाठी तयार करून ठेवलीय आणि हे घर काढून टाकू म्हणतो. मी वाद घालत नाही. विसराळू म्हणाला तर म्हणू दे.

पण तुला विचारायचं होतं ते वेगळंच. काल दुपारी पाचवीच्या वर्गात आपोआप लाल लागला. क्षणभरच, पण मुलं शिस्तीची, ती निघाली. एक वर्ग निघाला म्हटल्यावर बाकीच्यांनी खिडकीतून पाहिलं आणि तेही निघाले. मैदानात सगळी शाळा, आणि आग कुठेच नाही. मी बटण दाबलं नव्हतं, कोणीच दाबलं नव्हतं.

१८ जुलै

पुन्हा झालं. या वेळी दोन वर्गांत. पाऊण शाळा मैदानात जाऊन परत आली. येताना मोठी मुलं हसत होती. मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं. त्या चिडल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

"बाई, आता तिसऱ्यांदा असं झालं तर मुलं उठणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि चौथ्यांदा खरोखर काही झालं तर?"

शाळेच्या समितीतल्या कोणीतरी तयार यंत्रणा सुचवलीय, बंद पेटीतली. ती बसली की मुलींना आत डोकावायला मिळणार नाही. उंच मुलगी दारात उभी होती. तिने आमचे ओठ वाचले असावेत. ती माझ्याकडे न बघताच निघून गेली.

अर्धं कोडं मी सोडवलं. बोर्ड मधूनच बंद पडून स्वतःच परत चालू होतायत. चालू होताना, प्रोग्रामने ताबा घ्यायच्या आधी, काही क्षण त्या तारांना कोणी वाली नसतो. अशा वेळी लाल दिव्याची तार वाहवत जाते. ही वायरींची गोष्ट, म्हणजे माझी. वीज येताक्षणी दार उघडं की बंद, हे लिफ्टमध्ये आधी ठरवून ठेवावं लागतं. प्रत्येक लाल तारेला एकेक रेझिस्टर लावून ती जमिनीला बांधून टाकली. आता बोर्ड शंभरदा मेला आणि उठला तरी लाल लागत नाही.

लोकांच्या लेखी काम झालं. मुख्याध्यापिका खूश, समिती गप्प. पण बोर्ड मरतायत ते मरतायतच. फक्त आता ते कोणाला दिसत नाही. आणि बोर्ड मेलेला असेल त्याच क्षणी खरा लाल लावायची वेळ आली, तर त्या वर्गातली मुलं बाकावर बसून राहतील. काल मी मुख्याध्यापिकांकडे जाऊन हे सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "नसतं सांगितलंत तर मला कळलंही नसतं." म्हटलं, म्हणूनच सांगितलं. बोर्डांचं हे सुटेपर्यंत लाल पुन्हा शिपायाकडे.

उरलेलं अर्धं कोडं तुझ्या भाषेतलं आहे, मला ते दिसत नाही. पूर्ण प्रोग्राम मेलने पाठवलाय. बघशील का? मी आजवर कोणाला असं विचारलेलं नाही, कारखान्यातसुद्धा नाही.

२९ जुलै

परवा तू फोन केलास. स्क्रीनवर अनोळखी नंबर होता, पण उचलल्यावर तूच आहेस हे कळलं. बोलण्याची लय माणसाला सोडत नाही. तू बोलत होतीस, मी मधे मधे "हो, हो" म्हणत होते. शेवटी मी म्हटलं, "हो, जेवले गं मी." तू फोन ठेवलास. दहा मिनिटांनी तुझी मेल आली.

"मी विचारलं होतं, वायफाय गेल्यावरच बोर्ड बंद पडतात का? तुम्ही म्हणालात जेवले. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

नाही येत.

आवाज येतो, शब्द येत नाहीत. समोर बसून कोणी सावकाश बोललं, तोंड दिसलं, तर बरंचसं जमतं. फोनवर तर पाण्याखालून कोणी बोलावं तसं वाटतं. घरात रेंज चांगली आहे, अगदी मोरीतसुद्धा. मी शाळेत घंटेसाठी गेलेच नव्हते. मोठ्या माणसांना खुणा शिकवता का, ओठ वाचायला शिकवता का, हे विचारायला गेले होते. मुख्याध्यापिकांसमोर बसले आणि तोंडातून शब्द निघेना. मग त्या घंटेचं बोलल्या, आणि मी ती काडी पकडली. आता पहिलीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसते. ती ठेंगणी मुलगी माझे हात धरून चुका सुधारते. फार कडक आहे.

मुलगा मला विसराळू समजतो, ते यामुळेच. तो डॉक्टरांचं विचारतो आणि मी भाजीचं सांगते. त्याला तसं वाटू दिलं. विसराळू म्हातारीशी लोक हळू बोलतात. बहिरीवर ओरडतात. आमच्या कारखान्यात एक बहिरे फोरमन होते, त्यांच्या पाठीमागे लोक काय काय बोलत ते मी ऐकलंय.

आणि एक. तू घर सोडलंस त्यानंतर एका दुपारी तुझा फोन आला होता. तू खूप वेळ बोललीस. तेव्हा हे नुकतंच सुरू झालं होतं, मला वाटायचं फोनच खराब आहे. तू रडत होतीस का, हेही मला कळलं नाही. मी अंदाजाने काहीतरी म्हणाले आणि ठेवला. त्यानंतर तू कधी फोन केला नाहीस. मला वाटलं, आता तिला इकडचं काही नको असेल, आणि ते साहजिकच आहे.

त्या दिवशी तू काय म्हणालीस, ते मला आजही माहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. वायफाय जाऊन परत आलं की थोड्या वेळाने बंद पडतात. टोकाच्या वर्गांत जास्त, कारण तिथे ते सारखं जातं.

१४ ऑगस्ट

तुझं पत्र आलं. मेल नाही, पत्र, हाताने लिहिलेलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, शेवटच्या शब्दांना घाई झालेली.

आधी बोर्डांचं बोलते, म्हणजे माझा श्वास जागेवर येईल.

तू म्हणतेस ते बरोबर निघालं. वायफाय परत आलं की माझा प्रोग्राम नवा टायमर लावत होता, मुख्य बोर्डाला दर सेकंदाला 'आता रंग कोणता' विचारणारा. जुना मात्र तसाच चालू. वायफाय पुन्हा गेलं की आणखी एक. म्हणजे एकाच वर्गाच्या दारात शिपायांची रांग, आणि सगळे एकच प्रश्न विचारतायत. बिचाऱ्या बोर्डाची मेमरी तुंबणार नाही तर काय. आमच्या चिपमध्ये टायमर दोनच असत. तिसरा हवा असेल तर पहिल्याला काढावं लागे, म्हणून काढायची सवय होती. तुझ्या भाषेत मागाल तितके मिळतात, मग काढायचं कोणाला सुचतंय? मला वाटायचं, ही भाषा आपल्यामागून केर काढत फिरते. तू लिहिलंस, "काढते, पण ज्याचं टोक अजून कोणाच्या हातात आहे ते ती उचलत नाही." हे वाक्य मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवलं. उंच मुलीने ते उतरवून घेतलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं, तेवढं माफ कर.

बदल एका ओळीचा. नवा लावायच्या आधी जुना काढ. ती ओळ उंच मुलीनेच घातली. मग आम्ही मुद्दाम वायफायचा डबा दिवसभर चालू-बंद करत बसलो. एकही बोर्ड पडला नाही.

आता दुसरं.

तू लिहिलंस की त्या दिवशी फोनवर तू मला विचारलं होतंस, "यापुढेही मी तुम्हाला आई म्हटलं तर चालेल का?" आणि मी म्हणाले, "बघू सावकाश. ठेवते आता."

मी हे वाचून स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, त्यावर काही ठेवलं नाही, बंद केला. परत येऊन पुन्हा वाचलं. तू इतके दिवस ते वाक्य घेऊन फिरलीस. तुझ्या जागी मी असते तर दोन वाक्यांची मेलसुद्धा पाठवली नसती.

चालेल. न विचारतासुद्धा चाललं असतं. तुमचं दोघांचं जमलं नाही, त्यात मी तेव्हा पडले नाही आणि आत्ताही पडत नाही. पण माझ्याशी तुझं काय बिघडलं होतं? काहीच नाही. तू या घरात चार जेवणांतली तीन वायरी पसरून जेवलीस आणि मला एकटं वाटेल असं कधी होऊ दिलं नाहीस. ते नातं कोर्टातून थोडंच आलं होतं, की कोर्टात जाईल.

तू सांगितलंस तसं मुलालाही सांगितलं. तो शनिवारी आला होता. त्या खोलीचे फोटो दाखवत होता, खिडकी कुठे, पंखा कुठे. मी त्याचा मोबाइल उपडा ठेवला.

म्हटलं, "मी विसरत नाही. मला ऐकू येत नाही."

तो काहीतरी म्हणाला, तोंड खिडकीकडे होतं. म्हटलं, "माझ्याकडे बघून बोल." तेव्हा त्याने खुर्ची फिरवली. अगदी समोर आणून ठेवली.

"म्हणजे मागच्या रविवारी," तो म्हणाला, "मी विचारलं गुडघा कसा आहे, आणि तू म्हणालीस दोन किलो घेतलाय, स्वस्त होता."

"मला कांदा ऐकू आलं."

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. म्हणाला, मी डॉक्टरांची वेळ घेतली होती, मेंदूच्या. मी म्हटलं, ती बदलून कानाच्या डॉक्टरांची घे. मग त्याने विचारलं, हे सांगायचं तुला कोणी सुचवलं? मी तुझं नाव घेतलं. त्याने उपडा मोबाइल उचलून खिशात टाकला.

"बरी आहे ती?"

"प्रोग्राम चांगला लिहिते," मी म्हटलं. तो मान हलवून उठला आणि पंखा पुसायला शिडी शोधायला लागला. घर काढून टाकायचं म्हणणारा माणूस पंखा पुसत होता, मी खाली शिडी धरून उभी राहिले.

सोमवारी कान तपासले. यंत्र लागेल, पूर्वीसारखं होणार नाही, पण समोरच्याचं बरंच कळेल असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, आत प्रोग्राम कोणत्या भाषेत आहे? त्यांना सांगता आलं नाही.

६ सप्टेंबर

काल शाळेत पूर्ण तालीम झाली. लाल दिव्याची, खऱ्यासारखी. कोणाला आधी सांगितलं नव्हतं, मुख्याध्यापिका आणि मी सोडून. अग्निशमन दलाचे एक अधिकारी बघायला आले होते, मिशीवाले, हातात घड्याळ.

मुख्याध्यापिकांनी बटण दाबलं. सगळे दिवे एकदम लाल. मी जिन्यात उभी राहिले, कानांत यंत्र घालून, आणि पहिल्यांदाच त्या शाळेचा आवाज ऐकला: बाकं सरकल्याचा, चपलांचा. मुलं उठली. मला भीती होती की मोठी मुलं हसत बसून राहतील. नाही बसली. आठवीतल्या एकाने फक्त दप्तर उचललं, त्याला हसऱ्या मुलीने दंडाला धरून बाहेर काढलं आणि दप्तर आत भिरकावलं. मैदानात हजेरी झाली. सगळे होते. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मुख्याध्यापिकांना म्हणाले, "ऐकू येणाऱ्या शाळांनासुद्धा एवढ्यात जमत नाही." मुख्याध्यापिकांनी ते मला पुन्हा सांगायला सुरुवात केली, मी म्हटलं, ऐकलं मी.

शिपायाला मी विचारलं, तुमचं काम आम्ही पळवलं, राग नाही ना? म्हणाला, गुडघ्यांची सुटका झाली बाई. त्याला आता फाटकावर बसवलंय.

बंद पेटीचा विषय समितीने सोडलाय. दुसऱ्या एका शाळेच्या बाई तालीम बघायला आल्या होत्या, त्यांना आपल्यासारखे दिवे हवेत. त्यांची इमारत तीन मजली, वायफाय धड नाही, म्हणजे प्रोग्राम नव्याने बांधावा लागेल. मी त्यांना सांगितलं की वायरी मी करीन, प्रोग्रामचं मला विचारून सांगावं लागेल. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आज सकाळी मी नेहमीसारखी शाळेत गेले. फाटकातून आत आले आणि पाहते तर सगळ्या वर्गांचे दिवे जांभळे. असा रंग आपल्या यादीतच नाही. म्हटलं, आता काय नवीन बिघडलं. धावत कॉम्प्युटरच्या बाईंकडे गेले. त्या हसत होत्या. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"बिघडलेलं नाही. फाटकावर एक बटण बसवलंय. तुम्ही आलात की शिपाईकाका दाबतात. सगळं मुलींनी केलं. मलाही आज सकाळीच कळलं."

मी उंच मुलीला बोलावलं आणि प्रोग्राम दाखव म्हटलं. उघडून बघितला. नीट लिहिलाय, टायमर लावलाय तो काढलाही आहे. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना मुलं माझ्याकडे बघून कपाळावर दोन बोटं ठेवत होती. मी त्या मुलीला रागवायला गेले होते, की विचारल्याशिवाय चालू यंत्रणेला हात लावायचा नाही. ते राहूनच गेलं.

प्रोग्राममध्ये खाली आणखी एक रंग लिहून ठेवलेला दिसला, केशरी. अजून कुठल्याच बटणाला जोडलेला नाही. मी खुणांनी विचारलं, हा कोणासाठी? माझ्या खुणा अजून कच्च्या आहेत, तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं. मग तिने फळ्यावर लिहिलं, "जुना टायमर काढायला सांगणाऱ्या ताईंसाठी. त्या कधी येणार?"

सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, विचारून सांगते.

तर सांग. शनिवार असेल तर बरं, त्या दिवशी शाळा लवकर सुटते आणि मुली मागे थांबतात. फोन केलास तरी चालेल.

— आई